मायेचा टोन

३ जून, सोमवार
ऑनलाइन कोर्स सुरू केला. विषय: लेखनातला टोन आणि व्हॉइस. मॅडम म्हणाल्या, व्हॉइस म्हणजे लिहिणारा माणूस आणि टोन म्हणजे त्याचं समोरच्याशी वागणं. हे मला आधीच माहीत होतं. शिरवळच्या कंपनीत अकरा वर्षं एचआरची पत्रं मीच लिहितो.
संकल्प: यापुढे एकही पत्र रुक्ष नाही.

५ जून
पॅकिंगला नवं मशीन आलं. प्रशांतला कमी करायचं ठरलं. कोरेगावचा, नऊ वर्षं नोकरी, एक खाडा नाही. साहेब म्हणाले, दोन ओळींचं पत्र काढा, भरतेश. साहेबांना टोन कळत नाही.

६ जून
पत्र दीड पान झालं. सुरुवात 'कंपनी हे एक कुटुंब आहे'. मधे 'आपल्या आयुष्यात नवं पर्व सुरू होत असून'. 'कमी' हा शब्द कुठेच येऊ दिला नाही. बायकोला, चंदनाला, फोनवर वाचून दाखवलं. ती सांगलीला शाळेत शिकवते. तिनं विचारलं, कुणाचा सत्कार हाय? म्हणजे माया पोचली.

७ जून, शुक्रवार
पत्र दिलं. प्रशांतनं उभ्याउभ्या वाचलं आणि वाकून पाया पडला. मोठ्या मनाचा माणूस.

१० जून, सोमवार. सकाळी ९
प्रशांत पेढे घेऊन आला. सुपरवायझर झालो म्हणाला. दीपमालानं, त्याच्या बायकोनं, पत्र फ्रेम करायला टाकलंय. मी एक पेढा खाल्ला.

सकाळी ११
बोलावून समजावलं की पत्राला दोन अर्थ आहेत. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, आवं साहेब, मंग मी आता कुठल्या टेबलावर बसू? मी 'बघू' म्हटलं. सौम्य शब्द आहे.

११ जून
आजही आला. नवा शर्ट. मी मीटिंगमध्ये आहे असं सांगायला लावलं. मीटिंग नव्हती. केबिनचं दार लावून कोर्सचा चौथा धडा पाहिला: आपला वाचक ओळखा. सोपा होता.

१२ जून
वॉचमन धुळानं त्याला गेटवरच थांबवलं. खिडकीतून ऐकू आलं. गड्या, तुला काढलंय, घरी जा. प्रशांतनं विचारलं, कवापासनं? धुळा म्हणाला, शुक्रवारपासनं. प्रशांतला लगेच कळलं. मोटारसायकलपाशी आला. डबा हँडलला अडकवला आणि गेला. वर पाहिलं नाही.

साहेबांनी विचारलं, त्या पॅकिंगवाल्याचं झालं का? हो म्हटलं. दुपारी जेवलो. काही वाटलं नाही.

प्रशांतला गेटवरच सांगून टाक, असं धुळाला सकाळी मीच म्हटलं होतं. तो म्हणाला, साहेब, लिवलंय तुमी, तर तुमीच सांगा की.
मी म्हटलं, माझा टोन तसा नाही.