बर्फाचे टायर वाळूत

गुरुवार संध्याकाळ, खमीस मुशैत, सौदी

आमचं गिऱ्हाईक फैसल तबूकच्या डोंगरात बर्फात सायकल चालवणार. टायर रुंद हवेत, पण वजनाला हलके. कुठले द्यायचे? आमच्या सायकलच्या दुकानात बर्फ पाहिलाय कोणी! मालक सलीमचाचांनी एकेक टायर हातावर तोलला, रत्नागिरीच्या बाजारात सुरमई घ्यावी तसा. सगळ्यांत हलके चढवले, हवा बरीच सोडली. मला म्हणाले, "यल्ला, चल, सायकल मागच्या वाळूत घाल. रुतलास तर खांद्यावर घेऊन ये."

रुतलो नाही! काय माणूस आहे! मी तर नक्षी बघून दिले असते.

फैसल म्हणाला, "पंक्चर काढायला याला माझ्याबरोबर तबूकला पाठवा." मला तर कधीपासून इथून निघायचंय. चाचा काढलेला टायर पुन्हा हातावर तोलत राहिले.

"जा. पण बर्फ कसा असतो, ते मला येऊन सांग."