छतातला एक इंच

हनुमाननगर, नागपूर
१० फेब्रुवारी १९८५

प्रिय प्रेमिला,

तुझं पत्र आणि वरच्या मजल्याचा नकाशा, दोन्ही मिळाले. नकाशा तुझ्या बाबांनी दिवाणावर पसरून ठेवला आहे आणि दोन दिवस झाले, तिथे कोणाला बसू देत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "आमच्या पोरीनं काढला" म्हणतात, आणि जिना कुठून आहे असं कोणी विचारलं की माझ्याकडे पाहतात. तुमची बदली नागपूरला झाली, तुम्ही दोघं आमच्या डोक्यावर राहायला येणार, याचा आनंद किती आहे ते लिहीत बसत नाही. पत्राच्या शेवटच्या दोन ओळींबद्दल मात्र लिहायलाच हवं. "आई, सेंट्रिंगसाठी तू सुचवलेला देवाजी मिस्त्री नको. ज्यानं बैठकीच्या छताला झोळ पाडला, त्याच्या हाती मी माझा स्लॅब देणार नाही. लोखंडी टेकूवाला ठेकेदार पाहिला आहे." बरं, इंजिनियरबाई. स्लॅब तुमचा, निर्णय तुमचा. पण हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्या ठेकेदाराला होकार कळवू नकोस, एवढं आईचं ऐक.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. एकोणसत्तर सालचा मार्च महिना. तुझी परीक्षा होती म्हणून तुला मावशीकडे ठेवलं होतं, त्यामुळे स्लॅब पडताना तू पाहिलाच नाहीस. तू पाहिलंस ते नंतर, पंख्याच्या कडीपाशी खाली आलेलं छत. सतरंजीवर उताणी पडून तू म्हणाली होतीस, "आई, आपल्या छतानं पोटभर जेवण केलं वाटते." आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली, ती का ते सांगते.

देवाजीला तुझ्या बाबांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सुचवलं होतं. कन्हान गावचा माणूस. बारीक अंगाचा, उन्हानं करपलेला, कानावर बिडी आणि दुसऱ्या कानावर पेन्सिल. पहिल्या दिवशी तो आला तो भिंतीकडे पाहायला नाही, जमिनीकडे पाहायला. बैठकीत भराव होता काळ्या मातीचा. मुरुम टाकायचा राहिला होता. त्यानं उकिडवं बसून चिमूटभर माती बोटांत चोळली आणि तुझ्या बाबांना म्हणाला, "वामनराव, काळी माती लय बेइमान. वाळली त दगड, भिजली त लोणी. वरचं वजन बल्लीवर, बल्लीचं वजन हिच्यावर." मग टेकूच्या प्रत्येक लाकडी बल्लीच्या बुडाशी त्यानं फळी घातली, फळीवर लाकडी पाचरांची जोडी, आणि त्यावर बल्ली उभी केली. त्या एवढ्याशा खोलीत सालवृक्षाच्या बल्ल्यांचं जंगल उभं राहिलं. बाई गं, मी आतून जाताना कासोटा आवळून आडवी होऊन जायची.

मला त्याचं काम पाहायला आवडायचं. मी स्वयंपाक आटोपून भाड्याच्या खोलीतून चालत यायची आणि दारातल्या विटांवर बसायची. बल्ली उभी केली की तो ओळंब्यानं पाहायचाच, पण त्याचा खरा भरवसा हाताच्या बोटांवर होता. बल्लीला पंजा लावून वर हातोड्याची हलकी थाप मारायची आणि डोळे मिटायचे. एखादी पसंत पडली नाही तर काढून टाकायचा. त्याची माणसं वैतागायची. एकानं म्हटलंही, "काहून काढून राहिले गा, चांगली त हाय." देवाजी म्हणाला, "तुले चांगली दिसते. तिच्याखाली मले उभं राहाचं हाय." ते तो खरंच म्हणत होता. वर माल पडत असताना सेंट्रिंगवाल्यानं खाली थांबायचं, अशी त्याची रीत होती. बाकीचे मिस्त्री वर उभे राहून ओरडतात, हा खाली उभा राहून ऐकायचा. आपण ठोकलेल्या लाकडावर आपलाच भरवसा नसेल तर दुसऱ्यानं का ठेवावा, असं त्याचं साधं गणित होतं. पुढे मी कितीतरी मोठमोठ्या हुद्द्यांचे लोक पाहिले, पण आपल्या कामाखाली असा उभा राहणारा दुसरा पाहिला नाही.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी त्यानं सगळ्यांना ताकीद दिली, की आता आत पाण्याचा थेंब सांडायचा नाही, हात धुवायचे ते रस्त्यावर. मी तिथेच होते, मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आंघोळ करून, नव्या घराचा मोठा दिवस म्हणून सडा-रांगोळी करून मी तयार होते. नारळ फुटला. कन्हानच्या रेतीचा ढीग, गिट्टीचा ढीग, परमिटवर मिळालेलं सिमेंट, आणि माल कालवणारी माणसं. रेजा बायका डोक्यावर घमेली घेऊन शिडीवर रांगेनं चढत होत्या आणि गात होत्या. मोठे काका, तुझे गोपाळराव काका, ओव्हरसियर ना, पांढरा शर्ट घालून वर उभे होते. देवाजी आपल्या दोन माणसांबरोबर आत, अंधारात, नजर वरच्या फळ्यांवर.

दुपारी जेवणाआधी निम्म्याहून जास्त छत भरलं होतं. मी मसालेभाताच्या पातेल्यापाशी होते. आतून लाकूड करकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ देवाजीची आरोळी, "वरचे थांबा गा! कोनी हालू नका!" गाणं बंद झालं. दारातून मी पाहिलं, तर मधल्या दोन-तीन बल्ल्यांच्या पाचरा सैल झाल्या होत्या, बुडाची फळी मातीत खचत होती. त्यानं आपल्या दोन्ही माणसांना खेचून बाहेर काढलं. स्वतः आत राहिला. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. "वहिनी, पाटा द्या तुमचा. मसाल्याचा. लवकर!" आमचा दगडी पाटा सामानाबरोबर तिथेच आणून ठेवला होता. मी आणि एका रेजानं तो आत सरकवला. त्यानं ओली माती हातांनी उकरली, पाटा बसवला, त्यावर जास्तीची बल्ली उभी केली, आणि पाचरा ठोकता ठोकता खांदा लाकडाला लावून उभा राहिला. वर किती मण ओला माल होता ते तूच काढू शकशील. मला फक्त त्याच्या पायांच्या शिरा दिसत होत्या. काका वरून ओरडले, उचल, पहिल्या जागेवर घे. तो म्हणाला, "आता उचलाचं नाई साहेब. माल बसून राहिला. उचलला त चिरन." जिथे खचणं थांबलं तिथेच त्यानं छत धरलं. दुसऱ्या बल्लीखाली विटा, तिसरीखाली लोखंडी पत्रा. मग हाक दिली, "हं, चालू द्या." आणि संध्याकाळी शेवटचं घमेलं रिकामं होईपर्यंत बाहेर आला नाही. जेवणाची पत्रावळ तशीच झाकून ठेवली होती. रात्री त्याचा खांदा सुजून हा एवढा झाला होता.

एकवीस दिवस त्यानं एक पाचर हलवू दिली नाही. तुझे बाबा घाई करायचे, तो ऐकायचा नाही. काढतानाही मधल्या बल्ल्यांपासून सुरुवात करून काठाकडे गेला, एकेक पाचर केसभर सैल करत. म्हणे, "छताले आस्ते आस्ते सवय लावा लागते." एक तडा नाही, प्रेमिला. सोळा वर्षं झाली, तू स्वतः मागच्या दिवाळीत भिंग लावून पाहिलंस, एक तडा नाही. फक्त मध्ये एक इंच पोट. टेकू निघाले त्या दिवशी गोपाळराव काकांनी छताला दोरी धरून ते मोजलं आणि शेजारपाजाऱ्यांसमोर, मजुरांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. स्लॅबच्या दिवशी माती भिजली कशी, हे त्यांनी विचारलंच. देवाजीनं एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा दाराकडे, जिथे मी उभी होते. म्हणाला, "माझी चूक हाय साहेब. बुडाले ध्यान कमी पडलं."

त्या वर्षी आपल्या लेआउटमध्ये दहा-बारा घरं बांधायला निघाली होती. काकांनी घरोघरी सांगितलं. त्याला इथलं एकही काम मिळालं नाही. जो माणूस माती चोळून सांगायचा तिचा स्वभाव, त्याचं बुडाकडे लक्ष नसतं, असं लोक म्हणू लागले. तो कन्हानला परत गेला आणि कोळशाच्या खाणीत लागला. कामही तेच, वरच्या छताला लाकडाचे टेकू देण्याचं. त्याच्या टेकूखाली कधी कोणाला खरचटलं नाही, असं तिकडची माणसं सांगतात. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि पुन्हा थोडंफार सेंट्रिंग करतो, हे कळलं म्हणून मी तुला त्याचं नाव लिहिलं होतं.

तुझं नकाराचं पत्र आलं आणि मी परवा कोणाला न सांगता कन्हानची बस धरली. सीताबर्डीला साड्या पाहायला जाते असं तुझ्या बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, जाय, पण एकच घे. देवाजी अंगणात बसून एका बल्लीची साल काढत होता. केस पांढरे, डावा खांदा अजून जरा खाली. मला ओळखायला त्याला एक क्षणही लागला नाही. सुनेला हाक मारली, "अवं, चहा ठेव, हनुमाननगरच्या वहिनी आल्या." तुझं सगळं विचारलं. तू इंजिनियर झालीस हे ऐकून त्याला इतका आनंद झाला, की मला वाटलं हा आता शेजारच्यांना बोलावतो. लोखंडी टेकूंबद्दल सांगितलं तर म्हणाला, "चांगले रायतात. मले पाहाचे हायेत. पन लोखंडाचा पायही मातीतच असते ना?" वरच्या मजल्याचे टेकू खालच्या फरशीवर, म्हणजे शेवटी आपल्या त्या छतावरच येणार, तेव्हा खालून बैठकीतही टेकू द्यावे लागतील, हे त्यानं नकाशा न पाहता सांगितलं. तू नकाशात नेमकं तेच लिहिलं आहेस, नाही का? मी जे बोलायला गेले होते ते चहा संपला तरी माझ्या तोंडून निघालं नाही. तो बसस्टँडपर्यंत सोडायला आला. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "पोरीनं बलावलं त येतो मी. फक्त एक करा वहिनी. त्या दिशी सडा अंगनातच टाका. अंदर नको."

प्रेमिला, तो सडा मी बैठकीत टाकला होता. बल्ल्यांच्या मधोमध, शेणाचा सडा, आणि त्यावर लक्ष्मीची पावलं. पाण्याचा थेंब नको म्हटलेलं मी कानांनी ऐकलं होतं, पण सडा म्हणजे पाणी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे सडा म्हणजे सडा. माती इतकी तहानलेली की एका बादलीनं भागलं नाही, म्हणून मी दुसरी आणली. त्या दिवशी पाटा आत सरकवताना मी पाहिलं, देवाजीनं खांदा लाकडाला लावल्यावर उकरलेली माती पायानं ओढून माझी रांगोळी झाकून टाकली, वरून काका उतरायच्या आत. मी सोळा वर्षं स्वतःला समजावलं की ते सहज झालं असेल. परवा कळलं की त्याला सगळं ठाऊक होतं. नव्या घराच्या पहिल्याच दिवशी घरच्या बाईला जन्मभराचा बोल लागू नये म्हणून तो आपल्या नावावर घेऊन गेला, आणि मी दारात उभी राहून नेऊ दिला. काल हे तुझ्या बाबांना सांगितलं. ते उठले आणि चप्पल घालून गोपाळराव काकांकडे गेले. आज तुला सांगते आहे. देवाजीला काम दे, अशी भीक मी मागत नाही. तू त्याला एका इंचासाठी नाकारलंस, आणि तो इंच माझा आहे, एवढं तुला कळायला हवं. आता बोलवायचं की नाही ते तू ठरव. बोलावशील तर पत्र तुझ्या हातानं लिही. पत्ता मागच्या बाजूला दिला आहे.

तुझीच,
आई