दुसऱ्या सर्व्हरचा हिरवा दिवा

गुरुवार, संध्याकाळ. देवपूर.

तो हिरवा दिवा डोळ्यांपुढून जात नाही. आयसीयूचे मॉनिटर सांभाळणारा एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने त्याच क्षणी काम उचलावं, म्हणून आमच्या हॉस्पिटलसाठी मी जोडी मागितली होती. मालक नानांनी दुसरा आणला तो वेगळ्याच कंपनीच्या प्रोसेसरचा. प्रोसेसर जुळत नाहीत, ही जोडी चालणारच नाही, हे किती वेळा सांगू? नाना म्हणतात, "पोरी, दिवा लागस ना? मंग चालूच शे. डॉक्टरसले तसंच सांगजो."

दिवा काय, नुसती वीज दिली तरी लागतो! आयसीयूतले पेशंट त्या दिव्याच्या भरवशावर सोडू? नाही सांगणार. नोकरी गेली तर गेली. उद्या सगळ्या डॉक्टरांसमोर म्हणेन, "नाना, चालू आहे ना? मग पहिल्याची वायर तुम्हीच ओढा."