मागचा गार्ड मी बसवणार नाई

६ ऑक्टो., सोम.
शेठनं आज दुकानात सगळ्यांसमोर झापलं. झापू दे.
कॉलेजात फिजिक्स शिकवणारे मोहोड सर नवी गाडी घेऊन आले होते. सीट कव्हर, मॅट, आणि मागं जाड लोखंडी गार्ड पाहिजे. नवी गाडी आली की पूजेआधी गार्ड, आपल्या इकडं ठरलेलंच. मी नाई म्हटलं. या गाडीच्या मागच्या बंपरमध्ये दोन्ही कोपऱ्यांत रडार आहे. बाजूच्या मागून येणारा आरशात दिसत नाई तेव्हा ते त्याले पाहते आणि आरशाच्या काचेत पिवळा दिवा लावते. तिकडंच वळायचा इंडिकेटर दिला तर बोंबलते पण. त्याच्या तोंडासमोर लोखंड लावलं की खेळ खल्लास.
सर : "बीएस्सी अर्धवट सोडली अन् आता मले फिजिक्स शिकवतं काय रे?"
शेठ : "पंक्या, गिऱ्हाईक म्हणते ते कर. अक्कल घरी ठेवून येत जाय."
पाना टेबलावर आपटला. शेवटी शेठनंच बसवला गार्ड.
सरांची पोरगी ऋचा गाडीतच बसून होती. कॉलेज सोडल्यापासून तिच्यासमोर पहिल्यांदा एवढं बोललो. तेही रडारवर!

७ ऑक्टो.
शेठकडून कळलं. ऋचाले हिंगणघाटले नोकरी लागली. येत्या सोमवारपासून रोज एकटी गाडी नेणार. सरांची अट : एक जरी ओरखडा आला तर किल्ली परत. म्हणून गार्ड.
म्हणजे गाडीवर ओरखडा चालत नाई. बाकी…
जेवण गेलं नाई.

९ ऑक्टो.
ऋ.चा मेसेज! "आरशातला दिवा लागत नाई. स्क्रीनवर सेन्सर झाकला म्हणून येत होतं. ते सारखं येते म्हणून बाबांनी बटणच बंद केलं."
तीन लांबलचक उत्तरं लिहिली, दोन खोडली. पाठवलं ते एवढंच : शनिवारी दुपारी गाडी घेऊन येजो.

११ ऑक्टो., शनि.
नालवाडीच्या मैदानात. तिले स्टेअरिंगवर बसवलं, मी बाईक घेऊन मागच्या दारापाशी उभा.
"दिसतो का आरशात?"
"नाई."
"आतल्या आरशात?"
"नाई रे. हायेस कुठं तू?"
"मान वळव."
वळवली. दचकली. मग हसली. (इथं एक ओळ लिहिली होती. खोडली.)
मग तिनंच सांगितलं, "काढ तो गार्ड." मी म्हटलं, "गर्दीत कोणी घासलं तर किल्ली जाईल तुझी." तर म्हणे, "जाऊ दे. काढ." चार नट. बटण चालू केलं. मी बाईक पुन्हा त्याच जागी आणली अन् दिवा लागला. पोरीनं टाळी वाजवली!
दिव्यावर भरवसा ठेवून मान वळवणं सोडू नको, हे तीनदा सांगितलं. "सर झाला का तू?" म्हणाली.

१२ ऑक्टो.
सर दुकानात. आवाज चौकापर्यंत.
"माझ्या गाडीले मले न विचारता हात लावला?"
"ऋचाले विचारून लावला."
हे बोलायले नको होतं. सर लालबुंद. "उद्या संध्याकाळी गाडी आणतो. तूच काढला, तूच बसवशील." शेठ म्हणाला, नाई बसवला तर परवापासून येऊ नको.
नको तर नको.

१३ ऑक्टो., सोम.
ती सकाळी गेली. दहापर्यंत तीन गाड्यांच्या मॅट उलट्या बसवल्या मी.
१०.२०ले मेसेज : "पोचली. वायगावच्या पुढं खड्डा चुकवायले उजवीकडं घेत होती, दिवा लागला. मान वळवली तर बाईकवर नवरा-बायको, मधी लेकरू. दिसलेच नव्हते मले."
लगेच दुसरा : "बाबांना अजिबात सांगू नको. गाडी बंद करतील माझी."

आता सात वाजून गेले. गार्ड दुकानाच्या भिंतीले टेकवून ठेवला आहे. शेठ माझ्याकडं पाहत नाई. सरांचं तोंड एका वाक्यात बंद होईल, ते वाक्य खिशातल्या मोबाईलमध्ये आहे, अन् मले ते बोलता येत नाई. सर विचारतील, काऊन नाई बसवत? गार्डले हात लावणार नाई, एवढंच ठरलं आहे माझं. पुढचं काय बोलू ते अजून…
बाहेर त्यांची गाडी लागली. ऋ. पण उतरली. सांगायचं तर तीच सांगेल, मी नाई.