जुन्या धाटणीची अंगठी

नायगाव, ५ जानेवारी २०२५

ती. आईंना मनोरमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला ओरडून सांगवत नाही, म्हणून लिहिते. विघ्नेशना जाऊन सहा वर्षं झाली. आता वटारच्या चंद्रहास यांच्याशी लग्न करायचं मी ठरवलं आहे. शाळेची मुलं त्यांच्या वाडीत चाफ्याची कलमं बघायला नेली होती, तेव्हाची ओळख. त्यांची पत्नी कुंदा आजारपणात गेली. आर्याला ते आवडतात. चहात साखर फार घालतात, एवढीच तिची तक्रार.

साखरपुडा ९ मार्चला आहे. अंगठी त्यांनी आधीच आणून दिली. गुलाबी खडा, भोवती पाकळ्या, कडेला बारीक मण्यांची किनार, सोनं जरा मंद. बघताक्षणी वाटलं, ही कुणीतरी वापरलेली आहे. ते म्हणाले, नवीच आहे, हल्ली अशा जुन्या धाटणीच्या घडवतात. दुकानांत मीही पाहिल्या आहेत. तरी बोटात घातली की कुंदाची असेल का, हाच विचार येतो. आणि असली तर मला का खुपावं, तेही समजत नाही. तुम्हाला काय वाटतं?

गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
मनोरमा

मिठबाव, १४ जानेवारी

चि. मनोरमा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारणीने विचारलं, सुनेचं काय म्हणणं? म्हटलं, सगळी खुशाल आहेत. त्यानंतर दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. तू ठरवलंच आहेस, तेव्हा मी काय लिहिणार.

अंगठीचं म्हणशील, तर वर्गात पोरांना शंका विचारायला शिकवतेस आणि स्वतःची शंका त्या माणसाला सोडून कोकणातल्या बहिऱ्या म्हातारीला विचारतेस. त्यालाच विचार.

विघ्नेशचा फोटो वटारला नेणार की इकडे पाठवणार, ते कळव. इथे भिंत रिकामी आहे.

आर्याला पापा. पत्र टाकत जा.

आई

नायगाव, २५ जानेवारी

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

लग्नानंतर आम्ही नायगावातच राहणार, तेव्हा फोटो कुठेही जाणार नाही. तो आर्याच्या खोलीत आहे, तिथेच राहील.

तुम्ही सांगितलंत तसं मी केलं नाही. दागिन्यावर हॉलमार्कचा नंबर असतो, तो फोनवर टाकला की दागिना कधी तपासला ते दिसतं. मी नंबर टाकला. गेल्या नोव्हेंबरची तारीख आली. म्हणजे अंगठी नवीच. हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ज्याच्याबरोबर संसार करायचा त्याचं बोलणं मी यंत्रावर पडताळून पाहिलं.

रविवारी वटारला जाऊन त्यांना तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ केळीची सुकी पानं कापत राहिले. मग म्हणाले की अंगठी नवी आहे, सोनं नाही. कुंदाच्या पाटल्या कपाटात पडून होत्या, त्या आटवून घडवली. खोटं बोललो नाही, पण अर्धंच सांगितलं, असंही म्हणाले.

आता ती परत दिली तर खरं बोलल्याची शिक्षा केल्यासारखं होईल. घातली तर हात अवघडतो. काय करू, सुचत नाही.

तुमच्या मायेवर भार टाकते आहे, क्षमा असावी.

मनोरमा

मिठबाव, ४ फेब्रुवारी

चि. मनोरमा हिस अनेक आशीर्वाद.

पाटल्या माहेरच्या होत्या की सासरच्या? माहेरच्या असतील, तर तिची आई आहे का? तिला कुणी विचारलं होतं का?

तुम्ही दोघं एकमेकांना किती सांगितलं आणि किती लपवलं यातच गुंतला आहात. विघ्नेशच्या घड्याळाचा पट्टा बदलायचा, तर तू मला पत्र टाकून विचारलं होतंस. ते पत्र मी चारचौघींना दाखवलं होतं.

बाकी क्षेम. जपून राहा.

आई

नायगाव, १६ फेब्रुवारी

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

पाटल्या माहेरच्या होत्या. कुंदाची आई नंदाखालला मुलाकडे असते. चंद्रहासना सांगून मी एकटीच गेले. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, बस, पानी घे. मग अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली आणि सोनं कुठलं तेही सांगितलं.

तिने खड्याकडे पाहिलंच नाही. अंगठी मुठीत घेतली आणि विचारलं, “मला इचारलं असतं तर मी नाय म्हटलं असतं का?”

त्यानंतर ती भाताचं, सुनेचं, देवळाच्या जत्रेचं बोलत राहिली. मूठ मात्र उघडली नाही. निघताना अंगठी मागायला माझं तोंड उघडेना. तशीच आले.

चंद्रहासना हे सांगितलं. म्हणाले, कुंदा गेल्यावर तिच्या आईने एकदा पाटल्यांचा विषय काढला होता आणि मी ‘बघू’ म्हणून टाळलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः नंदाखालला गेले. अंगठी मागितली नाही, फक्त चुकलो म्हणाले. ती त्यांच्याशी बोलली नाही, पण निघताना पिशवीत पापड घातले. नवी अंगठी करू नका असं मीच त्यांना सांगितलं आहे.

नंदाखालहून परतताना तुम्ही लिहिलेला तो घड्याळाचा पट्टा डोक्यातून जाईना. पट्ट्यासाठी विचारलं आणि लग्नाचं नुसतं कळवलं. सल्ला मागितला तोही अंगठीचा. म्हणून आता विचारते. आई, मी हे लग्न करू का? तुम्ही नाही म्हणालात तर मी काय करीन, ते मला आज माहीत नाही. पण विचारल्यावाचून पुढे जाववत नाही.

उत्तर काहीही असलं तरी मला परकी करू नका.

मनोरमा

मिठबाव, २५ फेब्रुवारी

चि. सौ. कां. मनोरमा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन कागद फाडले. पहिल्यावर नाही लिहिलं होतं. दुसऱ्यावर हो लिहिलं, पण ते रागाने लिहिलेलं दिसत होतं. हा तिसरा.

कर लग्न.

माझा मुलगा तुझ्या घरात फोटोत राहणार आणि त्याच्या जागी दुसरा माणूस बसणार, हे मला अजून बघवेल असं वाटत नाही. रडले तर रडू दे, समजूत घालायला येऊ नकोस.

अंगठी नसली म्हणून काही अडत नाही. माझ्या साखरपुड्यात अंगठी कुणी आणली नव्हती. साखरेचे पुडे दिले घेतले, झालं. त्यांच्याकडचा पुडा त्यांना आणू दे. तुझे आईवडील नाहीत, तेव्हा मुलीकडचा पुडा घेऊन मी येते. ८ तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. आर्याला स्टेशनवर पाठव, आणि मला हाका मारू नकोस म्हणावं, ऐकू येणार नाही. हात धरून उतरवून घे म्हणावं.

आई