बूच मारलेली बंदूक

कुरुंदा, शुक्रवार, १२ जानेवारी २००१

डोकं अजून तापलेलंच आहे. गावचं नाटक मी लिहिलं, त्यातला मेघाळ देश माझा, त्या देशाची 'गरुड' बंदूकही माझीच. स्प्रिंकलरच्या पाइपाच्या नळ्या लावून सगळ्या बंदुका मीच केल्या. फौजेला लांब, घोडेस्वारांना आखूड आणि राजाच्या पहारेकऱ्याला नळीत बूच मारलेली. राजाला आपल्याच माणसांचं भ्या, म्हणून ते बूच. सगळं नाटक त्या बुचावर उभं आहे!

आज तालमीत पहारेकरी झालेल्या माधवरावांनी बंदूक खाली ठेवली. म्हणाले, "सर, पाटलाच्या घरचा माणूस बूच मारलेली बंदूक घेऊन गावासमोर उभा राहील व्हय? ही तुमच्या भीमनगरातल्या रमेशला द्या. त्याला चालते."

त्याला चालते म्हणे! रमेश तिथंच होता, सैनिकाची लांब बंदूक घेऊन. त्यानं ती माधवरावांपुढं धरली. काहून धरली? त्याचाच जास्त संताप आला.

घरी आल्या आल्या सगळ्याच नळ्यांत बुचं ठोकली. आता घ्या म्हणावं, कोणती घेता ती.

बायको चहा घेऊन आली. "साऱ्याच बंदुका काहून बंद करून राहिले?"

मी झालेलं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग आता राजा तुमी झाले की."

चहा तसाच निवून गेला. म्हणू दे राजा. बुचं मी काढणार नाही.