ठमीचे कान

४ जून
तोंड बंद! माझं. माझ्याच मुलाच्या घरात. सूनबाईंचं फर्मान सुटलं — नातीशी बोलायचं तर इंग्रजीत, तेही धड. ठमी आठ महिन्यांची! बाळाचे कान म्हणे वर्षाच्या आत घडतात, मग नवे स्वर आत शिरत नाहीत. "तुमचे स्वर चुकतात आई, तेच तिच्या कानात बसतील." घरबसल्या क्लास घेते ना उच्चारांचे, दीडशहाणी! चिरंजीव पेपरात डोकं खुपसून बसले होते. नंदीबैल मेला.

५ जून
तोडगा निघाला. मी हेडफोन लावायचा, दोन शब्द ऐकायचे, सारखे की वेगळे ते सांगायचं. सगळे बरोबर आले की ठमीशी बोलायची परवानगी. पहिलीच जोडी — कॉट आणि कॉट. "सारखे," मी म्हटलं. "वेगळे आहेत, आई. एक खाट, एक पकडलं." कप्पाळ! दोन्ही कॉटच की.

७ जून
सारखे. सारखे. सारखे. सून नुसते सुस्कारे सोडते. मग मीही तिचा क्लास चालू असताना मुद्दाम मिक्सर लावला. दार आपटत आली! ठमी शेजारी ढाराढूर. गुणाची माझी बाय ती, आजीच्या बाजूची आहे.

१० जून
सून आंघोळीला गेली तेवढ्यात चोरून बोलले. "कोण गं ती? कुणाची गं ती?" ठमी माझी हनुवटी धरून तोंडाकडे टक लावून बघत होती. तेवढ्यात मागून — "आई!" पुढचं लिहीत नाही. मीही काही कमी बोलले नाही. चिरंजीव म्हणे, "आई, तू तरी समजून घे." नेहमी मीच!

११ जून
दोघींचा अबोला.

१४ जून
ऐकू आलं! एक कॉट आखूड, दुसरा ओठांचा चंबू करून लांबवलेला. सगळ्या जोड्या बरोबर! "छान, आई" म्हणताना सुनेच्या जिवावर आलं होतं. उद्यापासून ठमी माझी. बघतेच आता.

१५ जून
ठमी पाठमोरी खेळत होती. मी हाक मारली, अगदी सुनेच्या इंग्रजीत. मग मराठीत. मग ओरडून. सून धावत आली — "केवढ्यानं ओरडताय!" ठमीनं मान वळवली नाही. सुनेनं स्टीलचं ताट घेतलं आणि तिच्या पाठीमागे फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं.
उद्या कानाच्या डॉक्टरकडे. हे एका हातानं लिहितेय. दुसरा सुनेनं धरून ठेवलाय.